लॅमिनेशन केलेलं तिकीट

चौसाळा, रविवार संध्याकाळ

पुण्याच्या कार्यक्रमाचं तिकीट काळं झालं. पूर्ण काळं. अण्णांनी ते झेरॉक्सच्या दुकानातून लॅमिनेशन करून आणलं, मार्कशीट आणि जातीचा दाखला करतात तसं. तो थर्मल कागद होता. उष्णता लागली की काळा पडणारच. घरात इंजिनिअर मुलगी आहे, पण मशीनमध्ये घालण्याआधी तिला विचारावं, असं कुणाला वाटलं नाही.

"घडीवर फाटाय लागलतं, म्हणून केलं," अण्णा म्हणाले.

आई हसली. "आता भिजायचं बी न्हाई. लई जीव हाय न्हवं तुझा त्या बाईवर?"

ती बाई म्हणजे माझी गायिका. एकदाच तिला समोर गाताना ऐकलं. तिचं आणि माझं नाव एकत्र छापलेला तेवढा एकच कागद होता. मी सरळ खोलीत निघून आले. तोंड उघडलं असतं तर ओरडलेच असते.

आत्ता कागदपत्रांची फाइल उघडली. माझ्या डिग्रीच्या मागे ते काळं तिकीट नीट लावलंय. वाचता येत नाही म्हणून अण्णांनी वर चिठ्ठी चिकटवलीय: 'गाण्याचं तिकीट', आणि खाली माझं नाव. फक्त माझं. तिचं त्यांना माहीतच नाही. इतकी वर्षं माझ्या खोलीतून तिचाच आवाज येतोय, आणि कोण गातंय हे एकदाही विचारलं नाही.