कोपराला हात कुणी लावला?

प्रिय अक्का,

तू गेल्याला आज चार महिने झाले आणि उद्या माझा कोपराचा तास आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांना हा तास मी तीस वर्षं बिनदिक्कत घेतोय. आज टिपणं काढून बसलो आणि हात पुढं जाईना. तू होतीस तोवर जे खुशाल बोललो, ते तू गेल्यावर का बोलवत नाही गं?

टिपणात लिहिलंय, 'कोपर हा बिजागरीचा सांधा.' दंडाच्या हाडाचं खालचं टोक दोऱ्याच्या रिळासारखं असतं, त्यावर पुढच्या हाडाची आकडी बसते. वाकायचं आणि सरळ व्हायचं, बस्स. गुडघा वाकलेला असला की थोडा वळतोही. कोपराला तेवढीही मोकळीक नाही. हे मी आयुष्यात पहिल्यांदा शिकवलं ते तुला, आठवतं?

कॉलेजचं माझं पहिलं वर्ष होतं. दिवाळीला कन्नडला येताना हाडांची पेटी घेऊन आलो, तर आईनं ती घरात घेऊ दिली नाही. "गोठ्यात ठिव नायतर परत जा," म्हणाली. तू मात्र गोठ्यात येऊन बसलीस. उजवा हात गळ्यात अडकवलेला. माहेरी आली होतीस आणि माळवदाच्या शिडीवरून पडलीस, तोच हात. खुलताबादच्या करीमचाचानं हाड बसवून कामट्या बांधल्या होत्या आणि नुकत्याच सोडल्या होत्या. त्यानं बजावलं होतं, "तेल-मालिश बिल्कुल नक्को. जोर नक्को. ये जोड़ जिद्दी है, अपने आप खुलेगा."

"हे कुणाचं हाड रं, दिगू?" तू विचारलंस. मी दोन्ही हाडं एकमेकांत बसवून तुला दाखवली. मिटली, उघडली. मोठ्या ऐटीत म्हणालो, "अक्का, ही नुसती बिजागरी आहे. गंजली की तेल घालायचं आणि हलवायची. त्या अडाण्याला काय कळतंय!"

"चाचानं नको म्हटलंय ना?"

"डॉक्टर मी होणार आहे की तो?"

उथळ पाण्याला खळखळाट फार! चार महिन्यांचं माझं शिक्षण, त्यात कोपराचं जेमतेम दीड पान. पण तू हसलीस आणि हात पुढं केलास. तुझ्या भावावर तुझा केवढा विश्वास होता, अक्का! तू 'नाही' का म्हणाली नाहीस?

पाच दिवस रोज गरम करडईचं तेल. पाचव्या दिवशी मी दंड गुडघ्याखाली दाबला आणि जोर लावला. कट् असा आवाज आला. तू पदर तोंडात कोंबलास आणि मी ओरडलो, "बघ, सुटला!"

तो सुटला नव्हता. दोन महिन्यांत जवळजवळ सरळच आखडला आणि तुझ्या शेवटच्या दिवसापर्यंत तसाच राहिला.

लेकीचा तसा हात बघून नाना चिडले आणि तुला घेऊन खुलताबादला गेले. मीही होतो. चाचाच्या उंबऱ्यावर उभं राहून ते नको नको ते बोलले. निजामाच्या राज्यावरच्या पोलीस ॲक्शनला बारा-तेरा वर्षं झाली होती, तरी चाचासारख्या मुसलमानाशी बोलताना लोकांचा आवाज अजून चढायचा. चाचानं तुझं कोपर हळूच चाचपलं आणि विचारलं, "कौन हात लगाया इसको?"

तू माझ्याकडं पाहिलंस. मग खाली पाहिलंस. नानांना कळलं असतं तर माझं कॉलेज त्याच दिवशी सुटलं असतं, म्हणून तू गप्प राहिलीस. मी कशासाठी गप्प राहिलो? भीतीनं. दुसरं काही नाही. त्यानंतर कन्नडचं कुणी चाचाकडं हाड बसवायला गेलं नाही.

पुढं दोन वर्षांनी पुस्तकात ते पान आलं. मोडलेलं कोपर चोळलं, ओढलं, तर पुढच्या स्नायूत रक्त साकळतं आणि तिथं नवं हाड धरतं. चाचाला हे पुस्तकाविना ठाऊक होतं. ते पान वाचून मी पुस्तक मिटलं आणि जेवायला गेलो. तुला पत्रसुद्धा लिहिलं नाही.

तळहात तुझा वळायचा. तो सांधा वेगळा. पण घास तोंडापर्यंत पोचत नव्हता. डाव्या हातानं जेवावं लागतं म्हणून तू कुठल्या पंगतीत बसली नाहीस. माझ्या लग्नातही नाही, आणि खरं सांगू? मला बरंच वाटलं होतं. हळदी-कुंकवाला साऱ्या गावाच्या कपाळाला तुझा उजवा हात पोचायचा, फक्त तुझ्या स्वतःच्या नाही. सासूबाई डाव्या हातानं लावू देईनात, म्हणून रोज सकाळी दाजी तुला कुंकू लावायचे. गाव त्यांना हसलं, पण त्यांनी एक दिवस चुकवला नाही. ज्यानं बिघडवलं तो मजेत, आणि निस्तरलं त्यांनी!

आणि सगळ्यात लाजिरवाणं ते पुढंच. एकदा तू मेथीचे लाडू घेऊन औरंगाबादला आलीस आणि माझ्या वर्गाबाहेरच्या बाकावर बसलीस. दार उघडं होतं. मी आत नेहमीची गोष्ट सांगत होतो: "एका अडाणी हाडवैद्यानं माझ्या नात्यातल्या बाईचं कोपर चोळून चोळून कायमचं घालवलं." पोरं हसली. मी नाव घेत नव्हतो, म्हणजे पाप नाही, असं माझं गणित.

स्टँडवर सोडायला आलो तेव्हा तू एवढंच म्हणालीस, "दिगू, करीमचाचाला मरून लई वर्षं झाली. आता तरी सोड त्याला."

मी म्हणालो, "चल, गाडी सुटंल तुझी."

पुढच्या वर्षी गोष्ट पुन्हा सांगितली. त्याच्या पुढच्या वर्षीही. आपल्याच तोंडानं आपल्याला इतकं खाली नेता येतं, हे मला कळायला तुला जावं लागलं का? तू एकदा तरी माझ्यावर चिडायचं होतंस गं. चार पोरांदेखत माझी लाज काढायची होतीस!

असो. उद्या दहाला तास आहे. गोष्ट सांगणार आहे, पण खरी. गोठा, करडईचं तेल, तो आवाज, सगळं माझ्या नावानं. पोरं हसोत की न हसोत.

आणि रविवारी खुलताबादला जाईन. चाचाचं घर अजून आहे, त्याची सून राहते म्हणे. ती दार उघडेल की तोंडावर लावेल, तिची मर्जी. पण त्या उंबऱ्यावर एक प्रश्न विचारला गेला होता आणि त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय. ते मी तिथंच उभा राहून देईन, अक्का, तुला शब्द देतो: "मैं लगाया, चाचा."

तुझा,
दिगू