आमच्या पिंपातला पाऊस

२ जून
मला लिहिता येत नाही, वाचताही येत नाही. म्हणून ही रोजनिशी अगदी गुप्त. मी सांगते, सूनबाई लिहिते. आजपासून गॅलरीत बिनमातीची शेती! नुसत्या पावसाच्या पाण्यावर पालक. तो कोपरा सूनबाईला कपडे वाळत घालायला हवाय. ठरलं असं की महिनाअखेर घरच्यांनी माझा पालक खाल्ला तर कोपरा माझा, नाहीतर तिचा. बिचारीने दुसरी जागा आत्ताच बघून ठेवावी. (इथे तिने पेन जरा जोरात दाबलं.)

४ जून
प्लंबरने पाइपांना भोकं पाडली, स्पंजात रोपं खोचली. वरून खाली येणाऱ्या नळ्या दोन. गच्चीवरच्या पावसाची पार पलीकडच्या टोकाला, दुसरी हाताशी. तो चहाला गेला तेवढ्यात हाताशी होती तिचा जोड मीच फिरवून पिंपात सोडला. पाऊस काय, दोन्हीकडून येणारच.

७ जून, सकाळी
पिंप अर्धं भरलं! चिरंजीव म्हणे, आई, आभाळात ढग औषधालासुद्धा नाही. त्याला लहानपणापासून वर बघायची सवयच नाही.

१० जून
पुन्हा पाऊस. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई ड्यूटीवरून आल्या की लागतोच. पायगुण चांगला बाईंचा. पाणी कोमट, फेसाळ, वर गुलाबाचा वास. पाण्याचा आंबटपणा तपासायची पट्टी बुडवली, जांभळी झाली. शोभते.

१५ जून
पानं पिवळी. सूनबाई म्हणते करपली, मी म्हणते पिकली. रोज सकाळी पालकसभा घेते. काल एकेकाला नावं ठेवली. तेव्हापासून सगळ्यांच्या माना खाली.

१९ जून
पावसात आज एक पांढरं बटण पडलं. पूर्वी गारा पडायच्या.

२३ जून
एक रोप सोडून सगळी गेली. सूनबाई दोरी घेऊन कोपऱ्याची मापं काढतेय. मी म्हटलं, अगं, खायला एक पान पुरे. तर म्हणते, आई, फेसासकट वाढू का?

२९ जून
बाहेर धो धो. चिरंजीव चिंब, छत्री उलटी. पिंपात थेंब नाही! जिन्यात नर्सबाईंना विचारलं, आज कुठे गेला तुमचा पायगुण? म्हणाल्या, आजी, अशा पावसात कपडे वाळणार कुठे? आज मशीन लावलंच नाही.
मी बटण तेवढं परत केलं.

३० जून
पान वाढलं. कोणी हात लावेना. मग मीच खाल्लं. या शेतीपायी तोंडाला फेस येईल असं सूनबाई म्हणाली होती, तो आला. खरोखरचा.
कोपरा गेला. पाइपांवर आता तिचे टॉवेल लटकतात. खोटं कशाला सांगू, चांगले टवटवीत दिसतात.