लीला ज्यूस सेंटर आणि जपानचा पेला

मी मारोतराव सीताराम ढोले, वय ७३, धंदा फळांचा व ज्यूस सेंटरचा, राहणार नेर, जिल्हा यवतमाळ, हा कागद स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. टायपिंग करून घेतलं नाही, कारण टायपिंगवाल्याची आणि माझ्या भावाची बैठक एकच आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देताना डॉक्टर हसत होते. का हसता म्हणून विचारलं, तर 'सहज' म्हणाले. ते मला पटलं नाही. मला शुगर आहे आणि गुडघे दुखतात, बाकी प्रकृती बरी आहे. दारू पाजून, धमकी देऊन किंवा गोड खाऊ घालून हे माझ्याकडून कोणी लिहून घेतलेलं नाही. गोड खाऊ घालण्याचा प्रकार मात्र झाला होता. तो कलम चारमध्ये येईल.

१. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. माझ्या मागे कोणी जुना कागद दाखवला तर तो खोटा समजावा. दाखवणारा बहुधा माझा धाकटा भाऊ उत्तम असेल.

२. माझी पत्नी लीलाबाई वारली आहे. मला दोन मुलं. मोठी सलोनी, जी दारव्ह्याचं सासर सोडून आली आणि तेव्हापासून दुकानात उभी असते. ती का आली हे तिने मला सांगितलं आहे आणि ते गावाला सांगण्याची गरज नाही. धाकटा पियुष, जपानमध्ये टोकियो शहरात कंपनीत नोकरीला आहे, अजून लग्न केलेलं नाही. या दोघांशिवाय माझा कोणी वारस नाही. उत्तमने हे वाक्य दोनदा वाचावं.

३. नेरच्या बस स्टँडसमोरचं लीला ज्यूस सेंटर ही माझी स्वकष्टाची मिळकत आहे. जागेची खरेदी माझ्या एकट्याच्या नावाने आहे. सुरुवातीला पाटीवर 'ढोले बंधू' लिहिलं होतं, ती माझी हौस होती. त्यातल्या बंधूने आजपर्यंत एक संत्रं सोललेलं नाही. संध्याकाळी यायचा, गल्ल्याजवळ स्टूल ओढून बसायचा आणि गिऱ्हाईक आलं की एखादं सफरचंद हातात घेऊन उगीच पुसत राहायचा. मी पाटी पुसून पत्नीचं नाव घातलं, तेव्हापासून तो अर्धी जागा मागतो.

या धंद्याची एक रीत आहे, ती इथे लिहितो. सकाळी पेटी फोडली की माल निवडायचा. निवडक माल काचेत, मधला मिक्सरमध्ये आणि डागी घरी. डागी म्हणजे ज्याला मार लागला, ठिपका पडला, जे एका बाजूने उतरलं. लीला संध्याकाळी काळं कापून काढायची आणि उरलेलं पोरांच्या वाटीत घालायची. कापलेल्या सालीला जे लागून यायचं ते ती स्वतः खायची. घरच्यांनीच निवडक खाल्लं तर विकायचं काय, असा साधा हिशोब होता आणि तो अजूनही मला चूक वाटत नाही. दुकानात उरलेली मलईही त्याच वाटीत जाई, पण पियुषची वाटी वेगळी काढावी लागे, कारण त्या पोराला मलई पाहिली तरी ओकारी यायची. गिऱ्हाइकाच्या फ्रूट सलाडवर मी मलई घालायला लागलो की तो दुकानाबाहेर जाऊन उभा राही.

४. गेल्या वर्षी उन्हाळ्यात पियुषने मला तीन महिन्यांसाठी जपानला नेलं. तिकीट त्यानेच काढलं. निघायच्या आदल्या दिवशी उत्तम घरी आला, माझ्या खाटेवर बसला आणि म्हणाला, "फुकट कोणी नेत नाही दादा. तिकडे नेऊन सह्या घेईल अन् दुकान विकून मोकळा होईल. पोरगा आहे म्हणून काय झालं?" उत्तमचं ऐकावं असा तो माणूस नाही. पण बस यवतमाळला लागेपर्यंत ते माझ्या डोक्यात घर करून बसलं होतं.

तिथे पहिल्याच रविवारी पियुष मला एका दुकानात घेऊन गेला. खाली फळं विकायला मांडलेली आणि वर माडीवर बसून खायची सोय. याला तिकडे फ्रूट पार्लर म्हणतात. ज्या मोसमात जे फळ येतं, त्याचा उंच काचेचा पेला भरून देतात. वर फळ, मग मलई, आइस्क्रीम, पुन्हा फळ आणि तळाला जेली. चांगले शिकलेसवरलेले लोक त्यासाठी जिन्यात रांग लावून उभे असतात. दारात एक कागद होता, त्यावर पियुषने त्यांच्या लिपीत माझं नाव लिहिलं. मी विचारलं, हे काय लिहिलं. म्हणाला, नंबर लावला. थोड्या वेळाने एका मुलीने "दोरे-सामा", म्हणजे ढोलेसाहेब, अशी हाक मारली आणि आम्हाला टेबल दिलं, तेव्हा खात्री पटली. तरी तो कागद नंतर कुठे जातो ते मी उतरताना पाहून घेतलं.

मग हे दर रविवारी सुरू झालं. दुकान बदलायचं, फळ बदलायचं, पियुषचा आग्रह तोच. मे महिन्यात स्ट्रॉबेरी, जूनमध्ये चेरी, मग खरबूज, जुलैमध्ये पीच. मला जन्मभराच्या धंद्यामुळे ठाऊक आहे की मलई ही झाकण्यासाठी असते. पेला आला की चमच्याने ती बाजूला सारून मी आधी खालचं फळ पाहायचो. एकालाही डाग नाही. ज्या पेटीत एकही डागी निघत नाही ती पेटी आधीच कोणी फोडलेली असते. तुमचं डागी जातं कुठे, असं मी पियुषला विचारायला लावलं. ती मुलगी बराच वेळ बोलली, दोनदा वाकली, आणि पियुषने मला एवढंच सांगितलं की जॅम करतात. इतक्या लांब उत्तराचं मराठी इतकं आखूड कसं झालं, हे मी मनात धरून ठेवलं.

एकदा खालच्या दुकानात मी सवयीने पीच उचलून अंगठ्याने दाबून पाहिलं. तिकडे फळाला हात लावत नाहीत. दुकानातला माणूस धावत आला आणि ओरडायचं सोडून माझ्यापुढे वाकला. आपल्याकडे एवढं नुकसान करणाऱ्यापुढे कोणी वाकत नाही, म्हणून मी सावध झालो. पियुषने ते फळ विकत घेतलं. घरी येईपर्यंत माझा अंगठा त्यावर तपकिरी उमटला होता, म्हणजे ते डागी झालं होतं. शेवटच्या रविवारापर्यंत मी बिनधास्त खाल्लेलं तेवढं एकच फळ.

संशयाला आणखी कारणं होती. शुगर असलेल्या बापाला दर रविवारी गोड खाऊ घालणारा मुलगा कोणाला सरळ वाटेल? त्यात संध्याकाळी तो यंत्र काढून माझ्या बोटाला टोचायचा आणि आकडा पाहायचा. मी दर वेळी करंगळी पुढे केली. अंगठा एकदाही दिला नाही. ठसा कुठे उमटवून घेतला तर आपल्याला काय कळणार?

सर्वांत मोठी गोष्ट ही की माझं फळ पाहून झालं की पियुष त्यातली मलई, आइस्क्रीम आणि जेली स्वतःच्या ताटलीत काढून घ्यायचा आणि नुसतं फळ माझ्यापुढे सरकवायचा. आपल्याकडे मलई महाग असते. बापाला पुढे करून महागाचं आपण खातो, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही. मी काही बोललो नाही, कारण चोराला पकडायचं तर त्याला आधी निवांत होऊ द्यावं लागतं. आणि इतके रविवार जाऊनही तो दुकानाचा विषय काढत नव्हता. काहीच न मागणारा माणूस मला मागणाऱ्यापेक्षा जास्त भीती घालतो.

परतायच्या आधीचा शेवटचा रविवार पीचचा होता. त्या दिवशी मी फळाकडे न पाहता त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो मलईचा घास घ्यायचा, डोळे मिटायचा आणि वर पाण्याचा घोट घेऊन गोळी गिळावी तसा गिळायचा. कपाळावर घाम आला होता, आणि आत एसी चालू होता. तेव्हा मला त्याची लहानपणची वेगळी वाटी आठवली.

मी म्हणालो, "तुले त मलई पाह्यली का ओकारी ये. मंग काहून खाऊन राह्यला?"

त्याने पुन्हा पाण्याचा घोट घेतला. मी चमचा खाली ठेवल्यावर बोलला. "तुमाले शुगर आहे बाबा, मलई तुमाले चालत नाही. अन् ताटात टाकून जाणं इथं चांगलं दिसत नाही. मले तुमाले फळ खाऊ घालाचं होतं. डाग नसलेलं. मी इकडं आल्यावर पह्यल्यांदा खाल्लं, तवा समजलं का आपण कधी खाल्लंच नव्हतं."

मी विचारलं, दुकानाचं काय मनात आहे? तो खरोखर गोंधळला. म्हणाला, दुकान तर ताईचं आहे, तीच सकाळपासून उभी असते, त्यात विचारायचं काय? मी त्याच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. फळ निवडताना मी जसं पाहतो तसंच पाहिलं, चारही बाजूंनी. मला काही सापडलं नाही.

त्यानंतर मी तो पेला शेवटच्या फोडीपर्यंत खाल्ला. पीचची फोड जिभेवर दाबली की विरघळते, दात लावावे लागत नाहीत. लीलाला हे एकदा तरी मिळायला हवं होतं असं वाटलं आणि मला रडू आलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईने हातरुमाल पुढे केला. मी घेतला नाही, ओळखपाळख नव्हती.

५. तिकडे अशा दुकानांच्या बाहेर काचेत प्लास्टिकचे पेले मांडून ठेवतात, अगदी खऱ्यासारखे. मी एकाचा वास घेतला तेव्हा प्लास्टिक असल्याचं कळलं. पियुषने मला आठवण म्हणून तसा एक पेला घेऊन दिला. तो सध्या गल्ल्याजवळ आहे. तो माझा भाऊ उत्तम यास द्यावा. दुकानातल्या फळांशी त्याचा संबंध हातात घेऊन दाखवण्यापुरता होता, त्यामुळे त्याची वाटणी यात पूर्ण होते. सोबत स्टूलही द्यावं.

६. राहतं घर सलोनी व पियुष या दोघांच्या नावे समान राहील. बँकेतली ठेवही समान. दुकानातली सुरी, दोन्ही मिक्सर, हाताने दाबायचं जुनं यंत्र आणि काचेचं कपाट सलोनीला. यंत्रावर युनूसभाईंची नजर आहे हे मला माहीत आहे. परंतु ते या कागदावर साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही दिलं की कागदावर बोट ठेवायला जागा होते, म्हणून त्यांना काहीही देत नाही. अगदीच हवं असेल तर मी जिवंत असताना त्यांनी मागावं.

७. लीला ज्यूस सेंटर, जागा व धंदा मिळून, सर्वस्वी मुलगी सलोनी हिला देतो. मी जपानला असताना तिने दुकान चालवलं. परत आलो तर घरी डागीची टोपली रिकामी होती. डागी कुठे गेलं विचारलं, तर म्हणाली शेळ्यांना घातलं. मला वाटलं विकून खाल्लं, म्हणून मी चार दिवस पाळत ठेवली. शेळ्याच खात होत्या. तिला विचारलं की मग तू काय खाल्लं. म्हणाली, "काहीच नाही. चांगलं खाल्लं असतं त तुमी आल्यावर मोजलं असतं." ती खरं बोलली. मी आल्याबरोबर मोजलंच होतं.

म्हणून तिच्यावर एक अट घालतो. रोज पेटी फोडल्यावर, बोहनीच्या आधी, सर्वांत चांगलं एक फळ काढून लीलाच्या फोटोपुढे ठेवावं आणि दुपारी सलोनीने ते स्वतः खावं. खुर्चीवर बसून, पूर्ण, उभ्याउभ्या नाही. संध्याकाळी ते पुसून परत काचेत ठेवू नये. मी असतो तर ठेवलं असतं, म्हणून मुद्दाम लिहितो. युनूसभाईंचं गॅरेज समोरच आहे, त्यांनी दुपारी नजर ठेवावी. माझ्या तेरवीला जे फळ वाटाल ते दुसरे साक्षीदार डोंगरसिंग यांच्या संत्र्याच्या बागेतलं निवडक असावं, आणि माझ्या नावाने पानावर ठेवाल तेही तसंच असावं.

८. मुलगा पियुष याचा दुकानावर हक्क राहणार नाही, तसं त्याचं स्वतःचंच म्हणणं आहे. परंतु तो जेव्हा जेव्हा नेरला येईल तेव्हा सलोनीने त्याला काचेतली निवडक फळं कापून मोठी वाटी भरून द्यावी, मलई न घालता. पैसे घेऊ नयेत. बहिणीला दुसऱ्या वाटीचा त्रास नको म्हणून तो 'मला आता मलई चालते' असं म्हणेल, आणि हसून म्हणेल. त्याच्या बोलण्यावर अजिबात विश्वास ठेवू नये.

हा कागद मी तीनदा वाचून पाहिला. तो माझ्या मर्जीचा आहे आणि मी साक्षीदारांच्या डोळ्यांसमोर सही केली आहे.

ठिकाण : नेर, जि. यवतमाळ
तारीख : २३ नोव्हेंबर २०२५

(सही) मारोतराव सीताराम ढोले

साक्षीदार :

(सही) शेख युनूस शेख करीम, मोटार मेकॅनिक, नेर
(सही) डोंगरसिंग हरसिंग राठोड, संत्रा बागायतदार, तालुका नेर

या दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद आहे, म्हणून मी यांना निवडलं आहे. दोघांनी माझ्यासमोर, एकमेकांसमोर आणि न बोलता सह्या केल्या.