पेंडिंग नावाचा बोका आणि खुर्ची क्रमांक ३१७

प्रति,
मा. कार्यालय प्रमुख,
नोंदणी व अभिलेख कार्यालय,
पहिला मजला.

विषय : अभिलेख कक्षातील खुर्ची क्र. ३१७ अर्जदारास घरी नेऊ देण्याबाबत (मधुमेही बोक्याच्या जिवाच्या कारणास्तव).

संदर्भ : १) माझा अर्ज, दि. ८ जानेवारी.
२) आपली सूचना, दि. १५ जानेवारी.
३) बोक्याच्या रक्तातील साखर, दि. १६ जानेवारी व पुढे.

महोदय,

१. आपल्या कार्यालयाचे अभिलेखपाल, म्हणजे माझे बाबा, गेल्या नोव्हेंबरात वारले. नऊ वर्षांपूर्वी दप्तरांतले उंदीर कमी व्हावेत म्हणून त्यांनी अभिलेख कक्षात एक बोका आणला होता. त्याला ठेवावे की हाकलावे, याची टिपणी वर गेली ती अद्याप खाली आलेली नाही. म्हणून बाबांनी त्याचे नाव 'पेंडिंग' ठेवले. बाबा गेल्यावर मी त्याला घरी आणले. आमचे घर कार्यालयाच्या मागच्या भिंतीला लागून आहे. तो सकाळी दहाला भिंत ओलांडतो, बाबांच्या रिकाम्या खुर्चीत बसतो आणि पाचला परत येतो. मी दार बंद केले, तर तो न्हाणीघराच्या झरोक्यातून गेला. त्या दिवशी त्याला सात मिनिटे उशीर झाला आणि संध्याकाळभर तो माझ्याशी बोलला नाही.

२. पेंडिंगला मधुमेह असल्याचे डिसेंबरात निष्पन्न झाले. सकाळी सात व संध्याकाळी सात या वेळांना मोजून जेवण आणि जेवणाबरोबर एक युनिट इन्सुलिन. मध्ये काहीही नाही. त्याआधी कानाच्या कडेला टोचून थेंबभर रक्त तपासावे लागते. तो हे सहन करतो. परंतु त्याची मात्रा ठरवायची, तर त्याने दिवसभरात काय खाल्ले हे ठाऊक हवे. आणि ते आपल्या कार्यालयातील चौदा जणांखेरीज कोणालाही ठाऊक नाही.

३. म्हणून मी संदर्भ क्र. १ चा अर्ज केला. त्यावर आपण तत्परतेने सूचनाफलकावर "कार्यालयातील बोक्यास कोणीही काहीही खाऊ घालू नये" असे लावले. आपले आभार मानण्याआधी परिणाम नमूद करते : सूचनेपूर्वी संध्याकाळची साखर ३१० होती, सूचनेनंतर ४२०. चौकशी केली असता असे समजले की, सूचना वाचून प्रत्येकाची खात्री पटली की बाकीच्या तेरा जणांनी खाऊ घालणे थांबवले आहे. लेखापाल म्हणाले, "अहो ताई, मी देतच नाही. हां, एखादं बिस्किट. तेसुद्धा खारं." शिपाईकाका म्हणाले, "सगळ्यांनीच हात आखडल्यावर काय उपाशी मारायचा? बापाविना लेकरू ते!" हा दर्जा अर्जदारासही लागू आहे. तथापि मला आजवर कोणी बिस्किट दिलेले नाही, हे केवळ नोंदीसाठी.

४. वाढलेले आकडे पाहून पशुवैद्यांनी मात्रा दोन युनिट केली. त्यानंतर रविवार आला. कार्यालय बंद. पेंडिंगला दिवसभरात चौदापैकी एकही बिस्किट मिळाले नाही आणि इन्सुलिन मात्र चौदा बिस्किटांचे गेले होते. दुपारी चार वाजता त्याचे मागचे पाय गेले. डोळे उघडे होते, पण त्याला मी दिसत नव्हते. साखर ३८. मी बोटाने हिरड्यांना ग्लुकोजचे पाणी चोळत चाळीस मिनिटे जमिनीवर बसून होते. पशुवैद्य म्हणाले, "बाई, आकडे खोटं बोलत नाहीत, पण तुमच्याशी कोणीतरी बोलतंय." मात्रा पुन्हा एकवर आली आहे. पुढचा रविवार असाच आला, तर मी बोटाने काही करू शकेन याची खात्री नाही.

५. २ ते ५ फेब्रुवारी या काळात आपण दौऱ्यावर होतात. त्या चार दिवसांतली संध्याकाळची साखर : २४०, २३५, २२८, २४१. दि. ६ रोजी आपण रुजू झालात. साखर ३९०. दि. ७ रोजी सदर खुर्चीखाली निळ्या काठाची एक बशी सापडली. तिला साय लागलेली होती. अशा बशा फक्त आपल्या दालनात आहेत. माझा कोणावरही आरोप नाही. बशा स्वतःहून जिना उतरत नाहीत, एवढेच नम्रपणे निदर्शनास आणते.

६. बाबांनाही मधुमेह होता. वीस वर्षे मी त्यांचे आकडे वहीत लिहिले. घरी ते बिनसाखरेचा चहा कुरकुर न करता पीत, याचे मला फार कौतुक होते. शोकसभेत टंकलेखक बाई डोळे पुसत म्हणाल्या, "तीन चमचे साखर लागायची हो त्यांना! कप परत पाठवायचे नाहीतर." मी मान हलवली. याबाबत माझी तक्रार नाही. कार्यालयात ते मोठ्याने हसत असत, असेही त्या दिवशी कळले. मात्र आपल्या कार्यालयाची कार्यपद्धती मला परिचित आहे, एवढे यावरून ध्यानात यावे.

७. मनाईने हे थांबणार नाही. शिपाईकाकांनी खरे कारण सांगितले : "ती खुर्ची रिकामी बघवत नाही, ताई. हा बसलेला दिसला की हात आपोआप डब्याकडे जातो." तेव्हा दोष माणसांचा नाही, बोक्याचाही नाही, खुर्चीचा आहे. ती माझ्या घरी आली तर तो घरी राहील.

८. मी भांडारपालांना भेटले. त्यांनी नोंदवही उघडून दाखवली. खुर्ची क्र. ३१७, डावा हात मोडका, सहा वर्षांपूर्वी निर्लेखित. नोंद बाबांच्याच अक्षरात. म्हणजे स्वतःच मोडीत काढलेल्या खुर्चीत ते सहा वर्षे बसत होते. भांडारपाल म्हणाले, "जी वस्तू कार्यालयात नाहीच, ती मी देऊ कशी?" हा पेच त्यांच्या अधिकाराबाहेरचा असल्याने मी आपल्याकडे आले आहे.

तरी, नसलेली खुर्ची नेण्याची परवानगी द्यावी, ही विनंती. मी ती खिडकीपाशी ठेवीन. कर्मचाऱ्यांनी संध्याकाळी सातनंतर पेंडिंगला भेटायला जरूर यावे, रिकाम्या हाताने. आपणही यावे. तो दिवसा तिच्यात बसेल. कधी उठून गेला, तर थोडा वेळ मी बसेन. एकाच्या नावाने मागितलेली वस्तू दोघांनी वापरल्यास हरकत नसावी.

उत्तराची व खुर्चीची वाट पाहणारी,

(सही)
दिवंगत अभिलेखपालांची मुलगी
दि. १४ फेब्रुवारी

सोबत :
१) साखरेच्या नोंदी, दोन पाने (आपला दौरा लाल शाईने दाखवला आहे).
२) पशुवैद्यांचे पत्र.
३) बशी, निळ्या काठाची, नग एक. धुऊन परत.