माळाची आणि शेंदरी दगडाची निरवानिरव

मी, मनकर्णाबाई भ्रतार कै. आसाराम काळवणे, वय वर्षे ७३, धंदा खानावळ, राहणार गारखेडा परिसर, छत्रपती संभाजीनगर, आज हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाच्या दडपणाखाली मी हे लिहीत नाही. भीतीखाली मात्र लिहीत आहे. वकीलसाहेब म्हणाले, "भीतीचा उल्लेख नको, उद्या कोणी कोर्टात त्यावर बोट ठेवील." मी म्हणाले, बोट ठेवायचेच तर खऱ्या जागी ठेवू द्या. म्हणून आधी तेच सांगते. मला माझ्या मुलाची भीती वाटते.

सुदर्शन वाईट नाही. अंगावर धावून येणे, आवाज चढवणे त्याच्या स्वभावात नाही. तो मऊ बोलतो, माझी औषधे वेळेवर आणतो, आणि औषधांच्या पिशवीतच माझा माळ विकण्याचा प्लॉटिंगवाल्याचा करारनामाही आणतो. दिवाळीपासून तो जेवायला बसला की "आई, एक सही फक्त" म्हणतो. त्याच्या तोंडात घास असताना मला त्याला नाही म्हणता येत नाही, हे त्याला लहानपणापासून ठाऊक आहे. एखाद्या दिवशी पोळी वाढता वाढता मी सही करून बसेन, या धास्तीने हल्ली मी घरात पेन ठेवत नाही.

कलम १. गारखेड्याचे राहते घर मी खानावळीच्या कमाईवर बांधले. ते माझ्या पश्चात सुदर्शनचे. मागच्या अंगणातला कढीपत्ता तोडू नये. गाडी लावायला ती जागा हवी आहे हे मला कळते, तरी तोडू नये.

कलम २. खानावळीची भांडी, पराती, दोन्ही शेगड्या आणि मोठे पातेले सून तनुजा हिला. तिने एकदा जेवायला बसलेल्या पोरांसमोर माझ्या आमटीला पाणचट म्हटले होते. मी ते विसरलेले नाही. पण मोठ्या शेगडीचा भडका तिच्याशिवाय कोणाला आवरत नाही. बँकेतली ठेव नात संस्कृती हिच्या शिक्षणासाठी. ती काढायला तिच्या वडिलांची सही लागू नये अशी व्यवस्था वकीलसाहेबांनी करावी.

कलम ३. दौलताबादच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी माझ्या मालकीचा माळ आहे. वडिलांनी विहिरीची काळी जमीन भावाला दिली आणि हा माळ बक्षीसपत्राने मला. लोक तेव्हा हसले होते. तिथे मुरूम, कुसळी गवत, हिवराची चार झाडे आणि बोरीच्या जाळ्या, एवढेच दिसते. थोडा वेळ गप्प बसले तर ससे दिसतात, आणि कपारीत लांडग्यांची जोडी राहायची. चारही बाजूंच्या जमिनींवर आता प्लॉटिंगच्या कमानी आणि झेंडे लागले आहेत. एवढाच तुकडा उघडा राहिला आहे.

हा माळ मी 'माळराखण न्यास' या संस्थेला देते. त्यासाठीच्या सरकारी परवानगीचा कागद जोडला आहे. न्यासाचे काम फहमिदा बघते. कॉलेजात असताना ती माझ्याकडे जेवायला होती, आणि ताटात काही टाकत नव्हती. ही माणसे तारेचे कुंपण घालत नाहीत. आसपासच्या घरांना ओट्यावर बसवून बोलतात. दिवाळीपर्यंत माळावर गुरे सोडायची नाहीत. मग सगळ्यांनी मिळून विळ्याने गवत कापायचे आणि घराघराला पेंढ्यांचा वाटा घ्यायचा. त्या बदल्यात प्रत्येक घराने राखण करायची. माझ्या माळासाठीच्या पहिल्या बैठकीत सगळे एकमेकांकडे बघत बसले होते. माझी भावजय गोजरबाई उठली आणि म्हणाली, "आमचं घर लिवा." मग बाकीची घरे आली.

कलम ४. हे कलम दगडाबद्दल आहे.

मागे प्लॉटिंगवाल्याने वाट करायच्या नावाखाली माळावर जेसीबी पाठवला. बायका धावल्या. गोजरवहिनीने घरातून शेंदूर आणि तेल आणले, वाटेतल्या एका दगडाला फासले, वर लिंबू ठेवले आणि ड्रायव्हरला म्हणाली, "म्हसोबा हाय ह्यो. लाव हात, मग बग." त्याने चपला काढल्या, हात जोडले आणि यंत्र मागे फिरवले. फोनवर ऐकून मी पोट धरून हसले.

पुढे हसू राहिले नाही. आधी कोणी नारळ ठेवला. मग कोणाचा तरी नवस फेडला गेला, आणि रविवारी कोंबड्या कापल्या जाऊ लागल्या, चुली पेटल्या, पत्रावळ्या बोरींत अडकल्या. लांडगीने पिल्ले तोंडात धरून कपार सोडली, ती अजून परतलेली नाही. आता तोच प्लॉटिंगवाला देवाला सभामंडप आणि डांबरी रस्ता देणार आहे. तोच जेसीबी येणार, या वेळी हार घालून. सुदर्शन मला म्हणाला, "आई, देवाच्या रस्त्याला तर सही देशील ना?"

राखणीला नाव दिलेली घरे गप्प आहेत. देवाला कोण आडवे जाणार? फहमिदा माझ्या स्वयंपाकघरात बसून रडली. "मावशी, मी तर ह्यात तोंडच नाही उघडू शकत. समजतंय ना तुम्हाला?" समजते. मी वहिनीला म्हणाले, तुम्ही बसवला, तुम्हीच उठवा. ती दोन्ही कान धरून म्हणाली, "नगं वन्सं. घरात लेकरं हायती. खोटा बशिवला व्हता, पर एवढ्या लोकांनी हात जोडले, आता खोटा ऱ्हायला का त्यो? लई भ्याव वाटतं." मी तिला हसले नाही. मलाही वाटते.

म्हणून लिहून ठेवते की, माझा मृत्यू झाल्यावर तेराव्याच्या आत तो दगड माझ्या नावाने उठवावा. जो काही कोप व्हायचा तो मेलेल्या मनकर्णेवर व्हावा. उठवणाऱ्याला दोष नाही.

पुरवणी. (छापील मजकुराखाली मी स्वतःच्या हाताने, नोंदणी कार्यालयाच्या बाकावर बसून, वकीलसाहेबांचे पेन घेऊन लिहिली.)

कलम ४ मी रद्द करते. रस्त्याचे भूमिपूजन येत्या महाशिवरात्रीला ठरले आहे, आणि डॉक्टरांच्या दाखल्याप्रमाणे मी तोवर मरणार नाही.

आज सकाळी वहाबच्या रिक्षाने माळावर गेले. वहिनी सोबत आली, पण बांधाशीच थांबली. मी दगडावर पाणी घातले, दहीभात ठेवला. म्हणाले, "देवा, तुला आमी भ्यावानं बशिवलं. आता भ्यावानंच उठवते. तुझं नाव करून ते सगळा माळ खातील. कोपायचं तर माझ्यावर कोप. माझ्या सुदर्शनवर नगं." मग दगड हलवला. वाटला होता त्याहून जड निघाला. पिशवीत घातला, पण पिशवी उचलेना. तेव्हा वहिनी बांध ओलांडून आली आणि पिशवीचा दुसरा बंद तिने धरला.

दगड आत्ता माझ्या पायाशी आहे. मी जिवंत आहे तोवर तो माझ्या देव्हाऱ्यात राहील आणि त्याला रोज पहिला घास मिळेल. माझ्यामागे तो माझ्या अस्थींसोबत पैठणला गोदावरीत सोडावा. माळावर माझ्या नावाची पाटी, ओटा, समाधी यांतले काहीही करू नये. तिथे काही बांधले की रस्ता मागून येतोच.

खालची सही वाकडी आली आहे. कोणी हात धरून करून घेतलेली नाही. वाकडी आली ती थोडी देवाच्या भीतीने, जास्त सुदर्शनच्या. बाळा, तुला राग येईल. आज मेथीची भाजी केली आहे. जेवायला ये. कागद आणू नकोस.

सही : मनकर्णाबाई आसाराम काळवणे

मनकर्णाबाईंनी वरील सही आम्हा दोघांच्या देखत केली आणि आम्ही त्यांच्या देखत साक्ष घातली.

साक्षीदार १ : शेख वहाब, रिक्षाचालक (सही)
साक्षीदार २ : गोजरबाई, मनकर्णाबाईंची भावजय (डाव्या हाताचा अंगठा. शाई लावण्याआधी बोटावरचा शेंदूर पुसून घेतला.)

ठिकाण : छत्रपती संभाजीनगर
दिनांक : १० फेब्रुवारी २०२६