फोन लावणाऱ्यानेच ठेवावा

धाकट्या भावास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. गेल्या चार वर्षांत द्यायचे राहिलेलेही यातच धरावेत.

मी बरी आहे. तुझा गुडघा कसा आहे? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतोस का? (घालत नसणार. या विषयावर आपलं काय झालं होतं ते आठवतंय, म्हणून पुढे काही लिहीत नाही.) पत्र लिहिण्यास कारण असं की माझ्याकडून एक मोठी चूक झाली आहे, आणि ती तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. पत्र शेवटपर्यंत वाच. मध्येच घडी घालून बाजूला ठेवू नकोस. तुझी मध्येच ठेवून द्यायची सवय मला चांगली ठाऊक आहे. फोनवर हे पाच मिनिटांत सांगून झालं असतं, पण आपलं फोनवर जमत नाही, म्हणून कागद.

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास घरचा फोन वाजला. मी पडद्यांसाठी कापड पसरून बसले होते. पलीकडचा माणूस म्हणाला की तो कॉम्प्युटर कंपनीतून बोलतोय आणि माझ्या कॉम्प्युटरमधून त्यांच्याकडे धोक्याचे इशारे जातायत. (त्याने स्वतःचं नावही सांगितलं. ते खोटं असणार, तेव्हा लिहून शाई कशाला घालवू?) आवाज अतिशय गोड. मला ताई म्हणाला. तूसुद्धा मला हल्ली ताई म्हणत नाहीस, म्हणजे काहीच म्हणत नाहीस, तेव्हा तो शब्द कानाला बरा वाटला हे कबूल करते. त्याने मला कॉम्प्युटर चालू करायला लावलं, एक यादी उघडायला लावली, तिच्यात लाल फुल्या आणि पिवळे त्रिकोण नुसते खच्चून भरलेले. आता कळलंय की तसल्या फुल्या प्रत्येकाच्या कॉम्प्युटरमध्ये असतात, तुझ्याही असतील, आणि त्यांनी कुणाचं काही बिघडत नाही. पण सोमवारी मला वाटलं की आमचा कॉम्प्युटर आता तासाभराचा सोबती. मग तो सांगेल तो प्रोग्राम मी उतरवून घेतला, त्याने मागितलेला आकडा वाचून दाखवला, आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा बाण माझा हात न लागता इकडून तिकडे फिरायला लागला.

इथे तू म्हणशील, तिथेच फोन का नाही ठेवलास? जगातला कुणीही शहाणा माणूस हेच म्हणेल. पण बाबा रे, मी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये खुर्चीवर बसून काढली आहेत. आमच्या पर्यवेक्षक बाईंनी पहिल्या दिवशी जो नियम शिकवला तो हाडात मुरला आहे: ज्याने फोन लावला त्यानेच तो ठेवायचा, ऑपरेटरने कधीही आधी ठेवायचा नाही, समोरचा शिव्या देत असला तरीही नाही. एकदा एक गिऱ्हाईक सव्वा तास भांडलं माझ्याशी; मी ऐकून घेतलं, शेवटी दमून त्यानेच ठेवला. (चार वर्षांपूर्वी डोळ्यांपायी तू गाडी चालवणं सोड म्हणून मी सांगत होते आणि तू धाडकन फोन आपटलास, तेव्हा मला तुझ्या आपटण्याइतकंच याचंही वाईट वाटलं होतं की फोन मी लावला होता. ठेवायचा हक्क माझा होता.)

बरं, मला संशय आला तो माझ्या अकलेमुळे नाही, कानामुळे. बँकेचं पान उघडा असं तो म्हणाला. मी उघडलं. मग मोबाइलवर सहा आकडे आले, ते मोठ्याने वाचा म्हणाला. माझं तोंड उघडलं होतं, खोटं कशाला सांगू. आकडे मागितले की आकडे सांगायचे, हीच माझी नोकरी होती. पण तेवढ्यात मोबाइलवरच्या त्या आकड्यांखालची ओळ वाचली, हे कुणालाही सांगू नका म्हणून, आणि मी अडखळले. तो म्हणाला, काळजी नको ताई, तुम्हाला आमच्या मोठ्या साहेबांकडे जोडून देतो. आणि त्याने जोडून दिलंच नाही! फोन जोडून दिला की एक बारीक खट्‌ होतं, मग क्षणभर पोकळी येते, मग नव्या खोलीचा आवाज येतो. इथे काय झालं, तर त्याने तोंडावर हात ठेवला (बोटात अंगठी असावी, ती खरकन घासली) आणि फोन शेजारच्याला दिला. मागे तोच पंखा कुरकुरत होता, मागचं तेच माणूस तसंच खोकत होतं. एकतीस वर्षं लाइनी जोडलेल्या बाईला हे विकायला निघाले होते.

तेव्हा मी त्या मोठ्या साहेबांना अतिशय सभ्यपणे सांगितलं की आपण कुणीही साहेब नाही, आपण लबाड आहात, तरी कृपया फोन ठेवावा. ते ठेवेनात. आधी समजूत घातली, मग धमकी दिली की खातं गोठेल, मग घाई केली, मग म्हणाले की घरात कुणाला सांगू नका. नंतर बँकेतल्या बाईंनी मला सांगितलं की यांना ओळखायची खूण हीच: स्वतःहून फोन करतात, घाबरवतात, घाई करतात, आणि कुणाला सांगू नका म्हणतात. मी मात्र फोन धरून बसले. त्यांना म्हटलं, जोडून द्यायचं नाटक करायचं तर निदान अंगठी काढून ठेवत जा. पुढची वीस मिनिटं मी एका चोराला फोनवर बोलायची रीत शिकवत होते आणि तिकडे बाण पडद्यावर फिरत होता. आणि भावा, एक गोष्ट लिहायला लाज वाटते, तरी लिहिते. हा लबाड आहे हे कळल्यावरही मला तो फोन संपू नये असं वाटत होतं. हल्ली माझ्याशी इतका वेळ कुणी बोलत नाही.

सुटका केली ती खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंनी. त्या पडद्यांची मापं घ्यायला वर आल्या, आपोआप फिरणारा बाण पाहिला, माझा चेहरा पाहिला, आणि कॉम्प्युटरची भिंतीतली पिन उपटली. मग माझ्या हातून रिसीव्हर काढून घेऊन जागेवर ठेवला. मी म्हटलं, अहो, त्यांनी ठेवायला हवा होता. त्यांनी गळ्यातली माप घ्यायची फीत काढून माझ्या हाताला अशी काही मारली की आठवण आहे.

पुढचं सगळं त्यांच्याच मोबाइलवरून केलं, कारण माझ्या कशावरच भरवसा उरला नव्हता. कार्डामागे छापलेल्या नंबरावर बँकेला फोन केला (त्या लबाडाने दिलेल्या नंबरावर नव्हे, हे लक्षात ठेव), खातं आणि कार्ड बंद करवलं, मग आम्ही दोघी बँकेत जाऊन बसलो. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, तासाभरात आलात म्हणून वाचलात. पैसा हललेला नव्हता. पोलिसांत तक्रार दिली. तिथल्या हवालदाराने विचारलं, फोन कुणी ठेवला? मी म्हटलं, शिवणवाल्या बाईंनी. त्याने ते तसंच लिहून घेतलं. कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याने सगळं पुसून पुन्हा भरलं, सगळे पासवर्ड शिवणवाल्या बाईंच्या घरी बसून बदलले. लेकीला फोन करून मीच सांगितलं. ती आधी रडली आणि मग म्हणाली की आता तू एकटी राहायचं नाहीस, आवराआवर करून माझ्याकडे ये. हे मात्र मला जिव्हारी लागलं. ही खोली, हा गॅलरीतला तुकडा, सकाळचा चहा माझ्या वेळेला, एवढंच तर माझं आहे. महिनाभराची मुदत मागून घेतली आहे. या महिन्यात आणखी काही घडलं तर माझं बिऱ्हाड उठलंच म्हणून समज.

तर असं आहे. घडलं ते सगळं लिहिलं आहे. स्वतःला जप. थेंब घाल.

तुझी,
थोरली

ता. क. सगळं लिहिलं आहे असं वर लिहिलं, ते खरं नाही. बाण फिरायला लागल्यावर त्या गोड माणसाने विचारलं होतं की हा बिघाड नातेवाइकांकडेही पसरतो, आणखी कुणाकडे कॉम्प्युटर आहे का? माझी शेवटची सात वर्षं चौकशी विभागात गेली, तुला माहीत आहे. कुणी नंबर विचारला की तो डोक्यात जायच्या आधी माझ्या तोंडातून बाहेर पडतो. मी तुझा नंबर सांगितला. एका दमात, एकही आकडा न चुकता. चार वर्षांत एकदाही लावला नव्हता, तरी. म्हणजे आता ते तुला फोन करणार. तुला दादा म्हणतील, डोळ्यांची चौकशीसुद्धा करतील. तू काही ऐकू नकोस, काही उतरवून घेऊ नकोस, एकही आकडा वाचू नकोस. फोन आपट. तुला ते उत्तम जमतं, आणि या एका बाबतीत मला तुझा हेवा वाटतो.

आणखी ता. क. सोमवारपासून मी तुला सात वेळा फोन केला. माझा नंबर दिसला की तू उचलत नाहीस. काल शिवणवाल्या बाईंच्या मोबाइलवरून लावला, तर दुसऱ्या घंटीला उचललास. किती गोड हॅलो म्हणालास रे. आवाज थकलाय तुझा. सगळं सांगायचं ठरवून लावला होता, पण मी तुझा आवाजच ऐकत बसले, आणि तू कोण, कोण, विचारत राहिलास. न बोलता फोन ठेवणारी ती बाई मी होते. म्हणजे तू अनोळखी माणसाचा फोन उचलतोस आणि बहिणीचा उचलत नाहीस. आता महिनाभर याच्या उलट कर. हे पत्र कुरिअरने तुला उद्या दुपारी मिळेल. उद्या संध्याकाळी सहाला फोन वाजेल, माझाच नंबर दिसेल. उचल. बोलायचं नसलं तर बोलू नकोस, नुसता कानाशी धर. ठेवायचं मी बघते.