भैरोबाला वाहिलेलं फळ

मनालीच्या वरची रोपवाटिका

आयेस, धाकलूचं लांबूनच पायावर डोकं.

राणी, हे आयेला सावकाश वाचून दाखव. हितं फोनला रेंज न्हाई.

आये, मी बरा हाय. थंडी लई, पण रोपवाटिकेच्या साहेबांनी दोन घोंगड्या दिल्यात. तुझी कंबर कशी हाय?

मागं मी स्प्रूसच्या, म्हंजी हितल्या सुईवाणी पानांच्या उंच झाडाच्या, रोपाचं फळ पाठवलं होतं, बारक्या अननसावाणी. माझ्या हातची पहिली रोपं, गुडघ्याएवढी असतानाच फळली म्हणून हरखलो होतो. राणीनं लिवलं, तू ते भैरोबाला वाहिलंस, पौडच्या बाजारात सगळ्यांना सांगितलंस.

ते फळ न्हाई, आये. काल साहेबांनी एक चिरून दाखवलं. आत खणाखणांत किडे बसलेले. किडा रस पितो आणि कोंब सुजून त्याचंच घर होतो. माझा अख्खा वाफा उपटून जाळला. मला कुणी बोललं न्हाई. काम चालू हाय, घोर करू नको.

देवापुढचं ते उचल आणि चुलीत घाल. भैरोबा रागवायचा न्हाई, आपण मनापासून वाहिलं होतं.

साहेब म्हणतात, खरं फळ धरायला ह्या झाडाला पंचवीस-तीस वर्षं लागत्यात. तवर मला हितं न्हाई राहवायचं, आये.

तुझा,
धाकलू